वादीला पाणी येण्याची वेळ

रय्याच्या हाती सरकारचं वादळ-संशोधन केंद्र आलं, तेव्हा ओमानात वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या नदीच्या, पुराच्या इशाऱ्याला कुणी भीक घालत नव्हतं. 'वादीपासून दूर राहा' असं कळवलं की लोक नेमके तिथेच जायचे. जातील नाही तर काय! वर्षभर कोरडं ठणठणीत पडलेलं पात्र दुथडी भरून येणार म्हटल्यावर कुणाचा पाय घरात ठरतो? मग पाणी कुठल्या गावात कधी पोहोचेल हे आधी सांगता यावं, यापायी रय्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली. आता तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

तिच्या वडिलांना, खल्फानना, याचा कोण अभिमान! इशारा आला की म्हाताऱ्या शेजाऱ्यांना ते स्वतः तो वाचून दाखवत, आणि कॉफीचा थर्मास, खजूर घेऊन सगळे पाणी बघायला निघत. ते काठावर बसतात, असं रय्याला वाटे.

त्या दिवशी इशाऱ्यात असरच्या, दिवस कलतानाच्या, नमाजानंतरची वेळ होती. पण दुपारीच रडारवर डोंगरामागे दुसरा ढग फुटलेला तिला दिसला. पाणी केव्हाच निघालं होतं. नवा इशारा जारी करून तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"पात्रात, बाभळीखाली. हा शेजारचा सुवैलिम आत्ताच चुळबुळ करतोय. म्हटलं, बस रे गुपचूप, लेकीने असरनंतर सांगितलंय!"

"पात्रात? बाबा, उठा! पाणी आलं!"

"अगं, तुझाच इशारा वाचलाय. तू कधी चुकतेस का? आणि कॉफी आत्ता कुठे ओतलीय."

मागे म्हातारे हसत होते. इतक्या वर्षांत कमावलेला विश्वास आज गळ्याशी आला होता.

"मी चुकले!" ती किंचाळली. "ऐकताय? तुमची लेक चुकली! पळा!"

पलीकडे मग "उठा रे!" अशी वडिलांची आरोळी, कप फुटल्याचा आवाज आणि त्यामागून लोंढ्याचा घोंघाट. फोन बंद पडला.

ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. अखेर सुवैलिमच्या फोनवरून वडील बोलले.

"वाचलो सगळे. गाडी वाहून गेली."

रय्याला रडू फुटलं.

"रडू नकोस गं," त्यांनी आवाज दबका केला. "तू चुकलीस हे मी कुणाला कळू दिलेलं नाही. सांगितलं, मीच चष्म्याशिवाय वाचलं, लेकीची वेळ बरोबरच होती. पटलं सगळ्यांना. सुवैलिम म्हणतो, पुढच्या वेळी चष्मा आण, म्हणजे पात्रात निवांत बसता येईल."

रय्याचं रडू तिथल्या तिथे थिजलं.

"बाबा, सुवैलिमकाकांना फोन द्या. आत्ता."

"कशाला उगाच?" वडील मायेने म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.