हेदरमूरची गादी

अरुंधती जर्मनीत बॉनला एका इंग्रज सरदारघराण्यावर पीएचडी करत होती: हेदरमूरचे अर्ल. सासरे, म्हणजे अप्पा, पुण्याहून राहायला आले आणि त्यांनी तो विषय परस्पर ताब्यातच घेतला. घराणी म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. स्वतःच्या घराण्याच्या, थेट मुलापर्यंतच्या, अकरा पिढ्या ते भेटेल त्याला ऐकवत. शेजारच्या फ्राउ केलरना सांगता यावं म्हणून तेवढा एकच जर्मन शब्द ते शिकले होते: एल्फ, म्हणजे अकरा. त्या बिचाऱ्या "या, या", म्हणजे हो, हो, करत ऐकूनही घेत.

अशा माणसाला कसं सांगायचं, की आपण मूल दत्तक घेतोय? दोन वर्षांची लेना पुढच्या महिन्यात घरी येणार होती. अरुंधतीचा नवरा यशोधन रोज सकाळी सांगायला म्हणून तोंड उघडायचा आणि त्यात पाव कोंबायचा. अप्पांनी नाक मुरडलं तर पोरीला आजोबाच मिळणार नाहीत, ही अरुंधतीची भीती होती.

रविवारी न्याहारीला अप्पांनी विचारलं, "मग? कुठवर आली गादी?"

"संपली, अप्पा. पहिल्या अर्लने चिखलात रुतलेल्या राजाला आपला घोडा दिला, म्हणून किताब मिळाला. तिसऱ्याने जुगारात अर्धी जमीन घालवली. सातव्याला मूलच नव्हतं. त्याने माळ्याचं पोरकं पोर वाढवलं, पण कायद्याने किताब त्याला मिळेना. गेनाऊ, अगदी नेमकं तिथेच सगळं बुडालं."

"का म्हणून?"

"रक्ताचा वारस लागतो त्यांना."

अप्पांनी चटणी लावलेला पाव ताटलीत आपटला. "रक्त काय चाटायचंय? म्हाताऱ्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"त्या मुलानेच."

"मग अर्ल तोच! अगं, मी स्वतः सहा वर्षांचा असताना दत्तक आलो. कुणाची हिंमत झाली का म्हणायची, की या पिढ्या माझ्या नाहीत?"

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त इतकं जुनं झालं होतं, की कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. इतिहासाच्या अभ्यासक सूनबाईंच्याही नाही. अरुंधतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड भरलेलंच होतं.

"अप्पा," शेवटी तीच म्हणाली, "आम्हीही एक मुलगी दत्तक घेतोय. लेना नाव आहे तिचं."

 अप्पा चष्मा काढून पुसत बसले, नको तितका वेळ. 

मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "बाराला जर्मनमध्ये काय म्हणतात गं?"