मालनबाईंच्या रेकॉर्डविषयी दोन मतं

उमाशंकर मुळ्ये यांनी मालनबाईंच्या रेकॉर्डबद्दल जे मत लिहून देवासला पाठवलं, ते वाचून कुणालाही वाटलं असतं की हा गृहस्थ आठवडाभर दुसरं काही ऐकतच नव्हता. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बारा ओळी. बागेश्रीचं विलंबित, बाईंची सबुरी, मध्यमावरचा मुक्काम, सगळं होतं त्यात. नव्हती ती एकच गोष्ट. त्यांनी रेकॉर्ड ऐकलीच नव्हती.

ऐकणार कशी? कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हेत हो. दाराची कडी कळायची, कुकरची शिट्टी नाही कळायची. इंदूरच्या डॉक्टरने कानाचं मशीन दिलं, त्याने माणसाचं बोलणं समोर बसलं तर समजायचं, पण गाणं लावलं की पत्र्यावर कुणी तरी खिळा ओढतंय असं वाटायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा उमाशंकरांनी प्लेअर बंद केला, मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले. बायको, विनोदिनीबाई, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते, आणि याची त्यांना अजून लाज वाटते.

मुलगा मयुरेश पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन येई. उमाशंकर आपलं ‘हो, हो’ म्हणत. एकदा त्याने विचारलं होतं, "बाबा, पडलात की काय?" तर हे म्हणाले, "हो, हो, उत्तम!" बिचारा दुसऱ्या दिवशी धारला येऊन थडकला.

तर मग हा माणूस रेकॉर्डी विकत घेत होता कशाला? त्याचं उत्तर देवासला होतं. उत्तराचं नाव जगदेवराव.

दोघं इंदूरला कॉलेजात एका खोलीत राहिलेले. एक मुळ्यांचा, एक जुन्या सरदार घराण्यातला, पण दोघांचं वेड एकच. पुढे एक धारला रसायनशास्त्र शिकवत राहिला, दुसऱ्याने देवासला शेती आणि पेट्रोल पंप सांभाळला, आणि गेली बावीस वर्षं त्यांचा एक रिवाज चालत आला होता. एका महिन्यात एकाने रेकॉर्ड घ्यायची, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. घेणाऱ्याने ऐकून आपलं मत पाकिटात बंद करायचं आणि रेकॉर्डबरोबर सरळ जाणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचं. समोरच्याने आधी ऐकायचं, आपलं मत लिहायचं आणि मगच पाकीट फोडायचं. रेकॉर्ड परत येताना त्याचं मत कव्हरात. फोनवर चर्चा बंद. बोललं की माणूस मुलाहिजा ठेवतो, असं जगदेवरावांचं म्हणणं होतं. लिहिताना मात्र मुलाहिजा कसला! एकदा त्यांनी लिहिलं होतं, "ही रेकॉर्ड घेण्यापेक्षा तू तेवढ्याची जलेबी खायची होतीस."

हे सगळं कान गेल्यावर कसं सोडायचं? सोडलं तर महिन्याचं काय उरलं? दूधवाला, औषधं आणि रविवारचं ‘हो, हो’. म्हणून उमाशंकरांनी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. कव्हरामागचा मजकूर वाचायचा, जुनी आठवण खरवडायची, थोडं तिखटमीठ लावायचं आणि बारा ओळी ठोकून द्यायच्या. तीन वर्षं हे खपलं.

मालनबाईंची रेकॉर्ड धारच्याच शालिग्राम भंगारवाल्याकडे मिळाली होती. कुणाच्या तरी घरातला जुना ढीग आला होता. उमाशंकरांनी कव्हर पाहिलं, बाहेरून चाचपलं, आत तबकडी आहे याची खात्री केली आणि घेतली. ऐकायचीच नाही तर बाहेर तरी कशाला काढा?

पंधरा दिवसांनी ती देवासहून परत आली. जगदेवराव हल्ली मत सुनेकडून लिहून घेत. प्रियांका हिंदी शाळेत शिकलेली, तिचं मराठी लिहिणं म्हणजे ऱ्हस्वदीर्घाचा बाजार. ‘तेवढीच तिला मराठीची सवय’ असं जगदेवरावांनी कळवलं होतं. या वेळी तिने लिहिलं होतं, "विलंबितात बाईंनी घाई केली नाही, हेच त्यांचं मोठेपण. दुसऱ्या बाजूचा तार षड्ज मात्र कापतो."

उमाशंकर खूश झाले. कागद दोनदा वाचला. मग रेकॉर्ड फडताळात ठेवायला उचलली, तर कव्हराची जुनी कड उसवली आणि तबकडी सटकन पलंगावर पडली. तिच्या मधोमध चिकटवलेली चिठ्ठी वर आली.

‘घरबसल्या जर्मन. पाठ एक ते सहा.’

उमाशंकर मटकन खाली बसले. म्हणजे कव्हर बाईंचं आणि आत जर्मन! आणि आपण बारा ओळी लिहून मोकळे! मध्यमावरचा मुक्काम! आता काय झालं असेल ते स्वच्छ होतं. जगदेवने सुई ठेवली असेल, जर्मन मास्तर बोलायला लागला असेल, मग त्याने पाकीट फोडून बागेश्री वाचली असेल. आपलं पितळ उघडं पडलं. हा कागद म्हणजे चिमटा आहे, तार षड्ज कापतो म्हणे!

पण छे, जगदेव गाण्याबद्दल चेष्टा करत नाही. मग त्यांनी कव्हर उलटं केलं. मागे छापलं होतं, ‘विलंबितात घाई न करणे हेच बाईंचे मोठेपण.’ उमाशंकरांनी स्वतःही ते वाक्य थोडं फिरवून उचललं होतं. ते आपल्या तोंडावर मारायला त्याने मुद्दाम लिहिलं असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! चार दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही. बावीस वर्षांची दोस्ती जर्मनच्या सहा पाठांत बुडाली, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाचव्या दिवशी त्यांनी तबकडी पिशवीत घातली आणि देवासची बस धरली.

"रेकॉर्ड देऊ का भिया, मी पोचवतो की," कंडक्टर म्हणाला.

"या वेळी मी स्वतःच जातोय," उमाशंकर म्हणाले. कंडक्टर पुढे काही तरी बोलला, ते काही त्यांना समजलं नाही.

देवासला प्रियांकाने दार उघडलं. "अरे काका! तुम्ही येणार होते? बाबासाहेबांनी तर बताया नाही." तिने त्यांना मागच्या खोलीत नेलं. "रोज दुपारी इथेच गाणं ऐकतात. मी शाळेतून येते तोवर त्यांचं ऐकून झालेलं असतं."

जगदेवराव शाल पांघरून खुर्चीत बसले होते. तीन वर्षं भेट नव्हती, तेवढ्यात माणूस निम्मा झाला होता. पण उमाशंकरांनी डोक्यात राख घातलेली. प्रियांका चहा ठेवून गेली तशी त्यांनी तबकडी काढून मित्राच्या मांडीवर ठेवली.

"टिंगल करायची होती तर सरळ करायची! सुनेच्या अक्षरात कशाला?"

"कसली टिंगल?"

"वाच."

जगदेवरावांनी चष्मा लावायला शालीतून हात बाहेर काढले. दोन्ही हात थरथरत होते. चष्म्याची दांडी कानावर जायला तीनदा चुकली. मग जगदेवरावांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. वर पाहिलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तूसुद्धा नाही ऐकलीस?"

उमाशंकरांना ते शब्द ओठांवरून कळले. "तूसुद्धा म्हणजे?"

"हे बघ ना यार." जगदेवरावांनी हात पुढे केले. "सुई ठेवता येत नाही. तीन चांगल्या रेकॉर्डी ओरबाडल्या, मग सोडून दिलं. दुपारी नुसता बसतो इथे, प्लेअरवरचं फडकं काढून."

"सुनेला सांगायचं, ती लावून देईल!"

"सांगितलं की मुलाला कळणार. मग हे सगळं विका, जागा अडते. आणि तुला काय लिहू? हात गेले? तू म्हणशील, राहू दे आता." त्यांनी हात पुन्हा शालीत घेतले. "तू कशाला नाही ऐकलीस?"

उमाशंकरांनी कानातलं मशीन काढून त्यांच्या मांडीवर, जर्मन पाठांवर ठेवलं.

जगदेवरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं; उमाशंकरांनी ते पुन्हा कानात घातलं. मग जगदेवराव हसायला लागले, शाल हलेपर्यंत. "बागेश्री! मध्यमावरचा मुक्काम! काय रे लबाडा!"

"आणि तुझा तार षड्ज?"

"तो मी मनाचा घातला. सगळंच गोड लिहिलं असतं तर तुला शंका आली असती."

उमाशंकरांनी उठून फडताळ उघडलं. तीन वर्षांत जगदेवरावांनी घेतलेल्या रेकॉर्डी ओळीने उभ्या होत्या, कोऱ्या. "कुठली?" त्यांनी विचारलं. जगदेवरावांनी जराही विचार न करता बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण रेकॉर्ड कुठली ते स्पष्ट होतं. उमाशंकरांनी ती पुसली, ठेवली, सुई अलगद टेकवली. त्यांचे हात अजून प्रयोगशाळेतल्यासारखे स्थिर होते.

त्यांना पत्रा ऐकू आला. म्हणून त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि समोर बसले. जगदेवरावांचे डोळे मिटले होते. एका जागी त्यांची भुवई वर गेली, एका जागी मान आपसूक हलली, एकदा ओठ ‘वा’ म्हणाले. उमाशंकरांना त्यांचा हेवा वाटला. आणि तरी बावीस मिनिटं त्यांनी नजर काढली नाही.

बाजू संपली. जगदेवराव पुढे वाकले आणि ओठ नीट हलवून, मोठ्याने म्हणाले, "काही आलं का रे ऐकू?"

"डग्गा आला थोडा. बाई कुठे होत्या कोण जाणे."

"मग एवढा वेळ केलंस काय?"

"तुझं तोंड बघत होतो."

जगदेवरावांनी थरथरता हात तोंडावरून फिरवला. "उलट ती," ते म्हणाले. "आणि आता तिकडे, खिडकीकडे तोंड करून बस. मला रडायचंय."

उमाशंकरांनी रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर टेकडीवर माणसं देवीच्या दर्शनाला चढत होती. पाठीमागे मित्र गाणं ऐकत होता आणि रडत होता, आणि त्यांना त्या दोन्हींतलं काहीच ऐकू येत नव्हतं.