भिंगरीने धुतलेली रंगपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची रंगपेटी आहे. माझं झाकण नीट बसत नाही, बिजागरी कुरकुरते आणि बारा वड्यांपैकी चारच उरल्या आहेत. तरी माझी काही तक्रार नाही. मला घर चांगलं मिळालं.

कारखान्यातल्या बायकांनी एकेका खाचेत रंगाची वडी अंगठ्याने दाबून मला घडवलं. मग एका वडिलांनी मला घरी आणून थोरल्या लेकीच्या हाती दिलं. ही ताई नऊ वर्षांची, पण शिस्तीची भारी कडक. पिवळ्या वडीला निळा ब्रश लागला की तिचा पारा चढे. धाकटी बहीण भिंगरी हिला तर मला हात लावायची बंदीच होती. ती बिचारी चार हात लांब बसून टुकुटुकु बघायची. मला फार वाईट वाटे.

एकदा शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. आदल्या दुपारी ताई खेळायला गेली. रंगांवर रंग चढून माझी रया गेली होती. पेटी लख्ख केली तर ताई खूश होईल आणि आपल्यालाही रंगवू देईल, असं भिंगरीला वाटलं. तिने मला सरळ बादलीत बुडवलं आणि दात घासायच्या ब्रशने मन लावून घासलं. मला गुदगुल्या होत होत्या आणि रंग भराभर वाहून चालले होते. ओरडायला तोंड कुठून आणू?

ताई परतली तेव्हा आठ खाचा रिकाम्या होत्या.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"तूच म्हणतेस ना, घाण पेटी चालत नाही," भिंगरी रडवेली झाली. "आता कधीच नाही ना देणार मला?"

ताई रागाने लालबुंद झाली. बादली ओतायला तिने उचलली खरी, पण तळाशी साचलेला करडा गाळ बघून थबकली.

"हा रंग कुणाचा, सांग बघू?"

"चिखलाचा."

"हट्, हत्तीचा!"

गाळ बशीत काढून ताईने कागदभर हत्ती रंगवला. मग ब्रश भिंगरीपुढे धरला. "डोळा तू काढ."

भिंगरीने ब्रश टेकवला. डोळा जवळजवळ कानात गेला.

"राहू दे," ताई म्हणाली, "बघेलही आणि ऐकेलही!"

प्रदर्शनात त्या हत्तीपुढे पोरं हसून हसून लोळली. भिंगरी मात्र ताठ मानेने उभी होती.

पुढे दोघी मोठ्या झाल्या. मी बरीच वर्षं कपाटात धूळ खात पडले. आता भिंगरी मुलांना चित्रकला शिकवते आणि मी तिच्या टेबलावर असते. मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, झाकण लावत जा, ब्रश धुऊन ठेवत जा. पण जपायच्या नादात धाकट्यांना आमच्यापासून लांब बसवू नका.

काल वर्गात एका मुलीच्या हातून रंगाची वाटी लवंडली. ती घाबरून रडू लागली. भिंगरीबाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं. घे ब्रश, बघू यातून काय निघतंय ते."