सातवी खूण

१९८९ सालच्या कार्निवलच्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, बोलिव्हियाच्या पठारावरील वायलुमा गावाच्या शिवेवर, सातव्या दगडी खुणेवर दगड ठेवून गावप्रमुख तिबुर्सियो कोल्के खाली बसला आणि त्याला पुन्हा उठता येईना. खुणा नऊ होत्या. प्रमुखाने प्रत्येक खुणेवर स्वहस्ते दगड ठेवायचा, मग खाली चॅपेलच्या अंगणात वायलुमा आणि शेजारचे गाव या दोन्ही गावांसमोर शपथेवर आकडा सांगायचा. जितक्या खुणा, तितकी शीव; उरलेली शेजारच्यांची. कोरड्या महिन्यांतही न आटणारा एकमेव झरा आठव्या खुणेपलीकडे होता.

"ही पानं चाव," बायको बासिलियाने कोकाची पिशवी पुढे केली. "दम येईल."

"यायला... छाती लागते."

सोबत आलेला म्हातारा तोरिबियो वाकला. प्रमुखाला गावात सारेच ताता, म्हणजे बाप, म्हणत. "ताता, धुकं बघ. शेजारच्यांना स्वतःची टोपी दिसत नसेल. खाली जायचं, नऊ म्हणायचं. कोण मोजतंय?"

"नाही."

"मग कळपातल्या लामांना काय तुझा खरेपणा पाजू?" बासिलिया भडकली.

खाणीची धूळ फुप्फुसांत बसल्यापासून तिबुर्सियोला लांब वाक्य पेलत नसे. तो थोडे बोले आणि समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकून घेई. गावाने त्याला निवडले ते याच गुणासाठी. तो गुण होता की रोग, याची चिकित्सा कोणी केली नव्हती.

"खाणीत... छातीचा फोटो काढायचा होता," तो म्हणाला. "भावाला उभं केलं... माझ्या नावानं. छाती त्याची... निरोगीचा शिक्का मला. आणखी सहा वर्षं... खाली उतरलो."

तोरिबियोने टोपी सारखी केली.

"ते मीच सुचवलं होतं," बासिलिया हळूच म्हणाली. "घरात तीन लेकरं होती." मग तिने त्याच्या काखेत हात घातला आणि दोघे उतरू लागले.

चॅपेलच्या अंगणात दोन्ही गावे उभी होती. तिबुर्सियोने श्वास जमवला.

"सात."

शेजारच्या प्रमुखाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. तो हसला नाही. आपल्या माणसांना त्याने नुसती मान हलवून खूण केली आणि ती झऱ्याच्या दिशेने चढू लागली. वायलुमाच्या बायका शाली सावरत पांगल्या. बासिलिया नवऱ्याला चॅपेलच्या पायरीवर बसवत होती, तेव्हा कोणीतरी तोरिबियोला विचारले, आता काय?

"माणूस खरा आहे," तोरिबियो म्हणाला. "पुढच्या वेळी धडधाकट निवडा."