सिनुहुनांची खुर्ची

कातिनेमच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, आणि ही बातमी तिनं कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. सुराबायाला मुलाकडे फोन झाला तरी "मी ठणठणीत आहे" म्हणून मोकळी व्हायची. मुलगा आईला न्यायला टपलेलाच होता. पण वाड्यातली चहाची सेवा सोडून सुराबायाच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचं, हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

पुरोलयनच्या राजवाड्यात रोज सकाळी चहाघरातून राजाचा चहा निघतो. पुढे तबक घेतलेली बाई, मागे छत्री धरलेली दुसरी. छत्री पिवळी, आणि ती बाईच्या डोक्यावर नसते, चहाच्या डोक्यावर असते. अंगणातल्या काळ्या वाळूतून दोघी अनवाणी चालतात. मंडपाच्या पायरीशी छत्री थांबते आणि तबकवाली खाली बसते, कारण तिथून पुढे राजासमोर कुणी उभ्यानं जात नाही. उकिडवं बसायचं, तबक छातीशी धरायचं आणि तसंच सरकत सरकत, संगमरवरावरून, मधल्या झुंबराखालच्या खुर्चीपर्यंत पोचायचं. राज्य जाऊन जमाना झाला. कारभार जाकार्ताला गेला आणि राजाकडे रविवारी तिकीट काढून येणारे पाहुणे तेवढे उरले. चहा मात्र अजून बसूनच येतो.

हे तबक कातिनेमनं नव्या नवरीच्या वयात हातात घेतलं होतं. तेव्हाचे तरणे सिनुहुन (राजाला सगळे असंच म्हणतात) आता तिच्यासारखेच पिकले होते. वेताच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि पिंजऱ्यातल्या पारव्याचं घुमणं ऐकायचे. दोघांचं बोलणं ठरलेलं; तिला ते 'न्याई', म्हणजे बाई, म्हणायचे.

"चहा आणलाय, सिनुहुन."

"हं. गावाकडं भात कसा आहे, न्याई?"

भात बरा असायचा, नाहीतर उंदरांनी खाल्लेला असायचा. तेवढं सांगून ती मागे सरकायची. एवढ्या वर्षांत तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलेलं नव्हतं. त्यांचे पाय मात्र तिला तोंडपाठ होते.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणीच बोलत नसे. डॉक्टरांनी सिनुहुनांची साखर बंद केली, तेव्हा वाड्याचे कारभारी रादेन विर्यो यांनी खडीसाखरेच्या बरणीला कुलूपच घातलं. त्या आठवड्यात पेले अर्धे भरलेले परत यायला लागले. कातिनेमला ते बघवेना. तिनं घरून आणलेला खडीसाखरेचा बारीकसा खडा बशीखाली ठेवून दिला. सिनुहुनांचं बोट, नजर वर्तमानपत्रातच ठेवून, बशीखाली गेलं. त्या दिवसापासून पेला रिकामा परत येऊ लागला. डॉक्टरांच्या हिशेबी हे पापच होतं, पण खडा मुगाएवढा होता आणि कातिनेमच्या मते देव एवढ्या बारीक गोष्टी बघत नाही.

एके दिवशी संगमरवराच्या मध्यावरच तिचा उजवा गुडघा अडकला. पुढे जाईना, मागे येईना. तबकातला पेला बशीवर किणकिणू लागला. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसणार कुठल्या हातानं? पलीकडे वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. मग सिनुहुन पारव्याशी काहीतरी बोलू लागले, चांगलं लांबलचक. तेवढ्यात गुडघा सुटला आणि चहा पोचला. भाताचं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची झुंबराखाली नव्हती. पायरीच्या बाजूला थोडी सरकली होती. तिसऱ्या दिवशी आणखी.

"बघितलंस ना, म्बोक?" परतताना पार्जिला छत्री मिटत म्हणाली. कातिनेमला म्बोक, म्हणजे आई, म्हणणारी पार्जिला जिभेनं तिखट, मनानं बरी. "तुझा चहा निवतोय. म्हणून खुर्ची पुढं येतेय."

"कशाला गं काहीतरी बोलतेस? तिकडं उजेड बरा असेल."

"उजेड! अगं, राजेलोक तोंडानं रागावतात होय? थोरल्या सिनुहुनांनी त्या बासरीवाल्याकडं नुसती पाठ करून खुर्ची ठेवली होती. तो संध्याकाळीच बोचकं बांधून गेला. तुला कळायला काय ढोल वाजवायचा का?"

बासरीवाल्याची गोष्ट कातिनेमलाही ठाऊक होती. या वाड्यात नाराजी कधी शब्दांत येत नाही. पडदा अर्धा सोडतात, खुर्ची हलवतात, आणि शहाण्यानं समजून घ्यायचं.

रादेन विर्योंनी तर झाडूवाल्यांना फैलावर घेतलं. "खुर्ची झुंबराखालीच असायला हवी. पिढ्यान्पिढ्या तिथंच आहे. कोण सरकवतं?" झाडूवाले आईची शपथ घेऊन नाही म्हणाले. रादेन रोज संध्याकाळी जातीनं खुर्ची जागेवर ठेवायचे आणि रोज सकाळी ती पुढे आलेली असायची. मग वाड्यात कुजबुज झाली की हे भूतबाधेचं काम. कातिनेमला मात्र भुताची भीती नव्हती. तिला वाटायचं, आपल्या म्हातारपणाची लाज आज वीतभर आणखी पुढे आली. ती घाई करू लागली आणि घाईनं गुडघा जास्तच पेटला.

शेवटी तिनं ठरवलं. काढून टाकण्याची वेळ त्यांच्यावर कशाला आणायची? आपणच कायमची रजा मागावी. रात्रभर ती आलं, लवंग नि खोबरेलाचा लेप गुडघ्याला चोळत रडली. मुलगा, सुराबायाची गच्ची, आणि खरं सांगायचं तर तो मुगाएवढा खडाही तिच्या डोळ्यांपुढे येत होता. तो आता कोण ठेवणार?

सकाळी ती चहाच्या बरीच आधी गेली. रजेची विनंती करायची तर ओंजळभर मोगरा ठेवून करायची, अशी रीत. मंडपात अजून झाडूवालेही आले नव्हते. ती खांबाआड आली आणि तिथंच थिजली.

सिनुहुन पायरीपाशी उकिडवे बसले होते. राजा! अंगात जुनी बनियन, लुंगी मांड्यांपर्यंत खोचलेली, आणि छातीशी धरलेलं तबक म्हणून चक्क पारव्याच्या दाण्याची थाळी. ते तसेच सरकत निघाले. एक पाऊल, मग दुसरं. थाळीतले दाणे सांडले. "अगं आई गं," असं पुटपुटून त्यांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि तिथंच फरशीवर बूड टेकलं. थोडा वेळ धापा टाकत बसले. मग ज्या जागी गुडघा दुखला तिथं बोटानं दाणे सारून खूण केली, खांबाला धरून उठले आणि झुंबराखालची ती जड खुर्ची स्वतःच्या हातांनी फरफटत आणू लागले. खुणेपाशी आणली. विचार केला, आणि आणखी थोडी पायरीकडे ओढली.

कातिनेमच्या हातातला मोगरा ओला झाला. ती आपलेच डोळे त्यात पुसत होती, हे तिला मागाहून कळलं. ज्याच्यासमोर सगळं गाव बसून चालतं, तो माणूस तिच्यासाठी बसून चालून बघत होता, रोज, एकटा. आणि ती मेली काय समजून बसली होती! पाहिलं हे कळू द्यायचं नाही, एवढं भान तिला होतं. ती आल्या पावली मागे फिरली आणि मोगरा चहाघरातल्या पाण्याच्या रांजणात टाकला.

"रजा मागितलीस?" पार्जिलानं विचारलं.

"छत्री नीट धर," कातिनेम म्हणाली.

त्या दिवशी पायरीवरून दोन पावलं सरकली आणि खुर्ची आली.

"चहा आणलाय, सिनुहुन."

"आज लवकर आला."

"वाट आखडली, सिनुहुन."

"म्हातारपणी आखडतंच सगळं," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. "भात कसा आहे?"

"ओंब्या धरल्यात."

संध्याकाळी रादेन विर्योंनी खुर्ची झुंबराखाली नेऊन ठेवली. पिढ्यान्पिढ्यांची जागा, ती काय सोडणार! सकाळी ती पुन्हा पायरीशी होती.

पण आज तबकात पेल्याशेजारी झाकणाची एक छोटी बाटली होती. सिनुहुनांचं बोट सवयीनं बशीखाली गेलं, खडा सापडला, आणि मग बाटलीवर थांबलं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. आलं, लवंग, खोबरेल.

वर्तमानपत्र खाली आलं.

"हे काय आहे, न्याई?"

"गुडघ्याचा लेप."

"कुणाच्या गुडघ्याचा?"

कातिनेमनं मान वर केली. पहिल्यांदाच. समोर एक म्हातारा होता, पकडला गेलेला, कानापर्यंत लाल झालेला.

"आपल्या दोघांच्या," ती म्हणाली.