सोबतीच्या पेशी

चष्मा कपाळावर सरकवून वडील सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने एक चकती जराशी फिरवली आणि खालून हिरवा उजेड वर आला, अगदी संथ, तलावाच्या तळातून यावा तसा. उजेडात बारीक धाग्यांचं जाळं पसरलेलं होतं. वडिलांनी सगळी नोकरी पोहण्याच्या तलावाकाठी उंच खुर्चीत बसून, लोकांना बुडू न देण्यात काढली होती. पाण्याखालचा उजेड त्यांच्या ओळखीचा होता.

ही उंदराच्या आतड्याची भिंत, ती सांगत होती. हिरवे दिसतात ते मज्जातंतू नव्हेत, त्यांना धरून राहणाऱ्या सोबतीच्या पेशी आहेत. पूर्वी वाटायचं, ही नुसती भर आहे. पण आतड्याला जखम झाली की अस्तराला वाढायला सांगतात त्या याच, आणि रक्तातल्या शिपायांना हाक मारतात त्याही याच. ती हे अगदी सहज सांगत होती, जणू तिच्या स्वतःच्या आतड्यात जखमा नव्हत्याच. ज्या दुखण्याचा अभ्यास करायचा तेच नशिबी आलं होतं, आणि त्यावर सगळ्यात जास्त विनोद तीच करायची.

"आणि या पेशीच घाबरल्या तर?" वडिलांनी विचारलं.

"मग हाका मारतच सुटतात. शिपाई येत राहतात, आणि शत्रू सापडला नाही की घरच मोडायला लागतात."

"मग त्यांचं काय करायचं?"

ती काचपट्टी काढण्यात गुंतली होती. "गप्प करायचं. जमलं तर," ती म्हणाली.

वडिलांनी चष्मा नाकावर घेतला. परतीच्या वाटेवर ते तिच्या दोन पावलं मागून चालत होते.

आई गेल्यापासून घरात दोघंच. सकाळी मुलगी संडासात गेली की वडील दाराबाहेर उभे. नळाचा आवाज आला की "झालं का गं?", नाही आला की "काय गं, बरं आहे ना?" ती बाहेर आली की तिच्या चेहऱ्याआधी यांचाच चेहरा पांढरा पडलेला. जगात इतक्या काळजीने कुणाच्या पोटाची चौकशी झाली नसेल. तिने उसासा टाकला तरी हे खुर्चीतून उठत. आता उठताना त्यांना ते हिरवं जाळं दिसायला लागलं.

आपल्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घराची गच्ची गळतेय, जाऊन बघायला हवं, असं त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं. मुलगी म्हणाली, आत्ता, एकदम? पण तिचे आवळलेले खांदे खाली आले. पाण्यातल्या माणसाचे खांदे बघत आयुष्य गेलेलं, त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

ताईचं घर नदीला लागून होतं. गच्ची धडधाकट होती. वडील दिवसभर पायरीवर बसत, पाण्याकडे बघत. दुपारी पाणी, आभाळ आणि झोप यांतलं कुठे काय संपतं ते कळत नसे. एकदा त्यांना वाटलं, आपण नदीच्या तळाशी आहोत आणि मुलगी वरून निवांत पोहत चाललीय. हात पुरेल इतकी जवळ होती, पण त्यांनी हात वर केला नाही. जागे झाले तेव्हा मान अवघडली होती.

मग तिचा फोन आला. डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं होतं. जखमा भरत आल्या होत्या. वडिलांना आनंदाने रडू फुटलं, आणि फोन ठेवल्यावर एकदम लक्षात आलं. म्हणजे तिच्या जखमांचं कारण आपणच होतो तर. आता इथेच राहतो, असं त्यांनी ताईला सांगितलं.

"अरे, तू काय साथीचा रोग आहेस का, लांब राहायला?" ताई म्हणाली. त्यांना हसू आलं नाही.

मुलगी स्वतःच न्यायला आली. चेहरा भरलेला, चालण्यात जोर. पायरीवर त्यांच्या शेजारी बसून तिने समजावून सांगितलं. ते निघाले त्याच सुमाराला औषध बदललं होतं, तेव्हा गुण कशाचा हे कुणालाच सांगता यायचं नाही. एका माणसावरच्या प्रयोगाला प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही.

"मग कशाला उगाच परीक्षा बघायची?" वडील म्हणाले. "राहू दे. तू बरी आहेस ना."

ती थोडा वेळ पाण्यात पाय हलवत राहिली.

"मी त्या पेशी काढून टाकूनही पाहिलं, बाबा. गडबड थांबेल असं वाटलं होतं. जखम भरेचना."

"ते उंदराचं."

"हो, ते उंदराचं." तिने पाय वर घेतले. "तुम्ही गेलात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू? मग एका सकाळी संडासात पहिल्यांदाच रक्त नव्हतं. मी दार उघडलं, आणि बाहेर सांगायला कुणीच नव्हतं."

वडील उठले आणि पिशवी भरायला आत गेले. ताईने न विचारता त्यात बिस्किटांचा पुडा टाकला.

बस निघाल्यावर मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. खिडकीतून शेतं, खांब, पुन्हा शेतं सरकत होती आणि त्यांचाही डोळा लागत होता. इतक्यात तिच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. वडील ताठ झाले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला.

"भूक लागलीय, बाबा," ती डोळे न उघडताच म्हणाली.

हे वाक्य त्या दोघांच्या घरात फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं. तिचं डोकं हलू न देता वडील एका हाताने पिशवीची गाठ सोडायला लागले.