बाबुलालची तिसरी फेरी

मित्रांनो, मी एक जुना बोरा आहे. धान भरायचा नव्हे, ठोसे खायचा! हसू नका. चिखला गावच्या एसटी थांब्याजवळ मोहाचं झाड होतं, त्याच्या जाड फांदीला मला साखळीने टांगलं होतं. एके काळी माझाही रुबाब होता बरं का!

ट्रकच्या फाटक्या ताडपत्रीतून शकुनबाईंनी मला दाभणाने शिवलं. तळाला रेती भरली, वर चिंध्या आणि धानाचा कोंडा ठासला. हा सगळा खटाटोप त्यांच्या मुलासाठी, बाबुलालसाठी. तो मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि त्याला बॉक्सिंगचं वेड लागलं होतं. शिकवायला होते भैय्याजी. ते फौजेत बॉक्सिंग खेळून आलेले आणि आता खाणीच्या फाटकावर चौकीदार होते. ही त्र्याहत्तर सालची गोष्ट.

काय मारायचा हो बाबुलाल! खाणीतली कामाची पाळी सुटली की तोंडावरची काळी धूळही न धुता माझ्यापुढे हजर. माझे टाके करकरायचे, कोंडा गळायचा. मी मात्र कधी उलटून मारलं नाही. लाडक्या नातवाचे गुद्दे आजोबा खातात ना, तसे मी ते खाल्ले.

तुमसर झालं, भंडारा झालं, गोंदिया झालं. बाबुलाल जाईल तिथून जिंकूनच यायचा. तो येणार म्हटलं की शेजारच्या नाकाडोंगरीचा बँड थांब्यावर उभा. बाया झेंडूच्या माळा घेऊन यायच्या. बाबुलाल एसटीतून उतरला की गुलालाची मूठ उधळली जायची आणि त्यातली अर्धी माझ्या पोटावर यायची. मला वाटायचं, हे कौतुक माझंच आहे. खोटं कशाला बोलू, मला चांगलीच मस्ती चढली होती.

मग नागपूरची मोठी स्पर्धा आली. तिथे जो चमकेल तो राज्याच्या संघात जाणार होता. बाबुलालच्या डोळ्यांसमोर तेवढं एकच होतं. निघताना त्याने मला कोपर मारलं आणि म्हणाला, "येतो बे बुढ्या. आता मले मुंबई-दिल्लीच पायजे!" भैय्याजींना फाटकावरून सुटी मिळाली नाही, म्हणून तो एकटाच गेला.

तो परतायच्या दिवशी सगळी वस्ती थांब्यावर जमली होती. बँडवाले वाद्यं वाजवून बघत होते. एवढ्यात खाणीच्या ऑफिसातले मधुकरराव सायकल रेटत आले. साहेबांच्या बंगल्यावर फोन आला होता. बाबुलाल हरला होता.

बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. शेवटी भैय्याजी म्हणाले, "पोट्टा शरमेल बापा. त्याच्यासमोर कोणी उभं नोका राहू. जा, आपापल्या घरी जा."

त्यात कुणाचंच मन काळं नव्हतं. लोक खरंच मायेपोटी गेले. शकुनबाईही चूल पेटवायला घरी गेल्या. मधुकररावांनी सांडलेला गुलाल फांदीने झाडून काढला. आणि मित्रांनो, मला काय वाटलं सांगू? मला त्याची लाज वाटली. ज्याच्या नावावर इतके दिवस मिरवलो, त्याची लाज! मी मान फिरवू शकत नव्हतो म्हणून, नाहीतर मीही घरी गेलो असतो.

एसटी आली. बाबुलाल उतरला. ओठ सुजलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झाडाखाली झेंडूची एक माळ राहून गेली होती. ती त्याने उचलली, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं.

तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. कपाळ माझ्यावर टेकवून म्हणाला, "पयल्या फेरीत पडलो बे मी. पण तिसऱ्या फेरीत म्या त्यालेबी पाडलं! गुणावर हरलो, थोडक्यात. ते नागपूरचे मोठे मास्तर म्हणत होते, पुढच्या साली ये, तुयात दम हाय."

एवढं सगळं त्याने फक्त मला सांगितलं. घरी शकुनबाईंनी गरम जेवण वाढलं आणि नागपूरचं नावही काढलं नाही. भैय्याजींनी पाठीवर हात ठेवला आणि पावसापाण्याचं बोलले. वस्तीत कुणीही, एकानेही, "कसं झालं रे?" म्हणून विचारलं नाही. तिसरी फेरी मला एकट्याला ठाऊक होती आणि मी पडलो मुका!

बाबुलालने त्यानंतर मला हात लावला नाही. पुढच्या साली भैय्याजींनी चाचरत नागपूरच्या स्पर्धेचं विचारलं, तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना." तो जमिनीखालच्या पाळीत शिरला तो शिरलाच. माझ्या पोटातला कोंडा कोंबड्यांनी टोचून खाल्ला. माझं वाईट झालं याचं काही नाही, माझी तीच लायकी होती.

वर्षं गेली. वस्तीतल्या पार्वताबाईंचा टिकाराम मोठा झाला, खाणीत ट्रक भरायला लागला आणि बॉक्सिंगचा नाद धरून बसला. मला पुन्हा टाके पडले, नवा कोंडा भरला गेला. भैय्याजी आता खुर्चीवर बसून शिकवायचे. पंच्याऐंशी साली टिकाराम नागपूरला गेला आणि पहिल्याच लढतीत हरला. पुन्हा फोन आला. पुन्हा भैय्याजी म्हणाले, "पोट्टा शरमेल," आणि पुन्हा लोक माळा गुंडाळून निघाले.

तेवढ्यात बाबुलाल पाळीवरून आला. डोक्याला हेल्मेट, अंगभर धूळ. तो रस्त्यातच आडवा उभा राहिला.

"कुठी चालले सारे?"

"हरला तो, बाबू," भैय्याजी म्हणाले. "शरमेल बिचारा."

"मी हरून शरमलो नव्हतो, भैय्याजी," बाबुलाल म्हणाला. "मी खाली उतरलो तं तुमी कोणीच नव्हते. मंग शरमलो."

भैय्याजी झाडाखालच्या ओट्यावर बसले. बायांनी पदर तोंडाला लावले. शकुनबाई तर रडायलाच लागल्या.

एसटी आली. टिकारामने दारातून एवढी माणसं पाहिली आणि तो परत आत जाऊन बसला. कंडक्टर ओरडला, "उतर ना भाऊ, का डेपोत झोपतं?" बाबुलाल आत चढला आणि त्याला दंडाला धरून खाली घेऊन आला. त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाला, "आता सांग. कितव्या फेरीत पडला? कोणत्या हातानं मारलं त्यानं? सारं सांग, आमाले ऐकाचं हाय."

टिकाराम आधी हुंदके देत आणि मग हातवारे करून सांगायला लागला. वस्ती कान देऊन ऐकत होती.

ते झाल्यावर भैय्याजी काठी टेकत बाबुलालजवळ आले. हात माझ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "बेटा, तुयं त्या दिवशी काय झालं होतं?"

बाबुलालने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग त्याने बारा वर्षांपूर्वीची तिसरी फेरी सांगितली. भैय्याजी ऐकता ऐकता रडले. पण आता बाबुलालचे केस पिकायला लागले होते.

टिकारामने दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पोटात असा ठोसा हाणला की माझे दोन टाके उसवले. फार बरं वाटलं मला.

मित्रांनो, एका हारीने बॉक्सर संपतो का, असं तुम्ही विचाराल. हारीने नाही संपत. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत कुणी हरून आलं, तर माळ नसली तरी चालेल. त्याच्याजवळ बसा आणि "कसं झालं, सांग," एवढं विचारा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं.